तिसऱ्या ‘नीट’आधी एकदा समुद्राकडे बघा

जून उजाडला की प्रश्न ठरलेले असतात. “नीटला मार्क कमी पडले, रिपीट करू द्यावं का?” “एकदा रिपीट झालं, आता आणखी एक वर्ष?” “एआयचा कोर्स आहे, कॉलेज कुठलंही चालेल, मॅनेजमेंट कोट्यातून भरून टाकू का?” विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो शेजारी गप्प बसलेला असतो आणि त्याला थेट काही विचारलं, की उत्तर पुन्हा वडीलच देतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांदा रिपीट करू नका. दरवर्षी २० लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्या सरकारी फीच्या जागा आणखी कमी. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेल्या आणि स्वतःहून डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाने एक वर्ष द्यावं, हे मला मान्य आहे. पण मार्क मधल्या पट्टीत आहेत, मूल थकलंय, आणि तरी घरातल्या कुणाला ‘आमचा डॉक्टर होणार’ हे नातेवाइकांत सांगून झालंय म्हणून तिसरं वर्ष लावायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे. एआयबद्दल एवढंच सांगते, की गणित आवडत असेल आणि कॉलेज चांगलं असेल तर जरूर जा. नुसत्या नावाला भुलून जाऊ नका. फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएस्सी कृषी हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, त्यांची माहिती कुठेही मिळते.

मला बोलायचंय ते मत्स्यविज्ञानाबद्दल. जीवशास्त्र मनापासून आवडणाऱ्या मुलांपुढे मी हा पर्याय ठेवते, तेव्हा बहुतेक घरांतून एकच प्रतिक्रिया येते: “म्हणजे शिकून मासे विकायचे?” या वाक्याचा मला राग येतो. मासे विकणं हे कष्टाचं आणि हिशेबाचं काम आहे, आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ते केलं त्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. दुसरं असं, की या शास्त्रात नेमकं काय करतात याची हे वाक्य बोलणाऱ्याला कल्पनाच नसते. ती यावी म्हणून एक उदाहरण देते.

बंगालच्या उपसागरात हिल्सा नावाचा मासा आहे. बंगाली माणूस त्याला इलिश म्हणतो. तो वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीतून वर चढतो. जगात पकडल्या जाणाऱ्या हिल्साचा सर्वांत मोठा वाटा बांगलादेशाचा आहे, त्याखालोखाल भारत आणि म्यानमार. मासा एकच, समुद्र एकच, पण सरकारं तीन. माशांच्या विणीच्या काळात समुद्राला विश्रांती द्यावी म्हणून भारताने पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी ठेवलेली आहे. बांगलादेशाची बंदी मात्र आधी २० मे ते २३ जुलै, ६५ दिवस होती. म्हणजे १५ जूनपासून पुढे सव्वा महिन्याहून अधिक काळ बांगलादेशी मच्छीमार कायदा पाळून किनाऱ्यावर बसलेला, आणि शेजारच्या पाण्यात भारतीय बोटी सुटलेल्या. ‘आम्ही वाचवलेले मासे दुसरेच घेऊन जातात’ ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षं होती. अखेर २०२५ मध्ये बांगलादेशाने आपल्या तारखा बदलून १५ एप्रिल ते ११ जून अशा ५८ दिवसांवर आणल्या. आता दोन्ही बाजूंच्या बोटी जवळजवळ एकाच वेळी बंद असतात.

तारखा बदलायच्या हे ऐकायला सोपं वाटतं. पण मासा नेमका कधी अंडी धरतो, कोणत्या महिन्यात पिल्लं जाळ्यात येतात, बंदी अलीकडे ओढली तर कोणत्या प्रजातीला धक्का बसेल, हे कुणीतरी बंदराबंदरावर जाऊन मोजलेलं असावं लागतं. माशाच्या कानातल्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्याचं वय काढतात. पोट चिरून अंडाशय कोणत्या अवस्थेत आहे ते पाहतात. हजारो माशांची लांबी नोंदवून साठा वाढतोय की घटतोय याचं गणित मांडतात. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं हे काम १९४७ पासून करत आली आहेत. संस्थेचं मुख्यालय कोचीत आहे आणि मुंबईतही तिचं केंद्र आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ देशांनी मिळून हिल्सा आणि बांगडा या दोन माशांच्या साठ्यांचा एकत्र विचार करायला सुरुवात केली, तेव्हा चर्चेच्या टेबलावर अशाच नोंदी लागल्या. चेन्नईत भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या चार देशांची मिळून एक आंतरसरकारी संस्था २००३ पासून काम करते, ती खास किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांसाठी. आपल्या मुलांपैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय?

आता मोठ्या समुद्राकडे या. हिंदी महासागरातला पिवळ्या पराचा ट्यूना हा हजारो किलोमीटर फिरणारा मासा. आज मालदीवजवळ, काही महिन्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याला. त्याची काळजी घ्यायला हिंदी महासागर ट्यूना आयोग आहे, मुख्यालय सेशेल्समध्ये, आणि भारत त्याचा सदस्य आहे. २०१५ मध्ये या ट्यूनाचा साठा अतिमासेमारीने खालावल्याचं आयोगाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं आणि पुढच्या वर्षी पकड कमी करायची योजना आली. खरा वाद मात्र कोट्याचा आहे. युरोपातल्या गोल जाळी टाकणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटींनी आजवर भरपूर पकडलं, म्हणून पुढेही त्यांना मोठा वाटा द्यायचा? की ज्यांच्या किनाऱ्यासमोरून हा मासा जातो, त्या भारत, मालदीव, श्रीलंका, इंडोनेशियासारख्या देशांना? दशकाहून जास्त काळ यावर बैठका सुरू आहेत. या बैठकीत ज्या देशाच्या नोंदी पक्क्या, त्याचा शब्द जड. आपल्या लहान होड्यांनी किती ट्यूना पकडला हे आपल्यालाच धड सांगता आलं नाही, तर आपला हक्क दुसरं कोण मांडणार? संख्याशास्त्र येणारा, सागरी कायदा वाचलेला आणि कधीतरी पहाटे लिलावात उभं राहून मासा ओळखायला शिकलेला माणूस तिथे हवा असतो. अशी माणसं आपल्याकडे कमी आहेत.

मत्स्यशेतीचा भाग तर याहून मोठा. २०२४-२५ मध्ये भारतातून १६.९८ लाख टन सागरी उत्पादनं निर्यात झाली, किंमत ६२,४०८ कोटी रुपये. त्यातला सिंहाचा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आहे, आणि ही कोळंबी प्रामुख्याने तळ्यांत वाढवलेली. ज्या व्हेनामी कोळंबीवर हा डोलारा उभा आहे ती मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकी किनाऱ्याची. आपण २००९ मध्ये तिला परवानगी दिली आणि तिचे रोगमुक्त प्रजनक बाहेरून आणून आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायला लागलो. एवढी खबरदारी का, ते थायलंडला विचारा. कोळंबीची पिल्लं तळ्यात सोडल्यावर महिनाभरात मारून टाकणारा एक रोग २००९ च्या सुमारास चीनमध्ये दिसला, मग व्हिएतनाम, मलेशिया, आणि २०१२ मध्ये थायलंड. तळीच्या तळी रिकामी झाली. कारण कुणालाच कळेना. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचं मत्स्यशेतीचं एक जाळं आहे, त्याचं कार्यालय बँकॉकला आहे आणि भारतही त्यात आहे. त्याने २०१२ मध्ये सगळ्यांना तातडीने एकत्र बोलावलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने जिवाणू शोधून काढला, तेव्हा कुठे बीज तयार करणाऱ्या हॅचरीवाल्यांना काय तपासायचं ते समजलं. एका देशाने रोग लपवला तर शेजारच्या पाच देशांची तळी मरतात. म्हणून रोगनिदान करणारा, खरा अहवाल लिहिणारा आणि बंदरावर आलेलं बीज नाकारायची हिंमत असलेला तरुण या व्यवसायाला लागतो. पशुवैद्यकाइतकीच ही डॉक्टरकी आहे, रुग्ण फक्त पाण्यात असतो.

आणि हे सगळं दूरच्या देशांचं आहे असं समजू नका. आपल्या राज्यघटनेप्रमाणे १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या हातात, त्यापलीकडची केंद्राच्या. पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा केलं, पण पापलेटाला झाई-बोर्डीपुढची गुजरातची हद्द कळत नाही. सातपाटीच्या मच्छीमाराने पिल्लं सोडून दिली आणि शेजारी ती उचलली गेली, तर त्याने का सोडावीत? रत्नागिरी-सिंधुदुर्गात परराज्यातल्या वेगवान ट्रॉलरवरून दर हंगामात भांडणं होतात. पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी सीमा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्या याद्यांत मच्छीमार असतात. हे प्रश्न नुसत्या गस्तीच्या बोटींनी सुटत नाहीत. त्यांना माशांचं शास्त्र जाणणारी आणि दोन्ही बाजूंशी बोलू शकणारी माणसं लागतात.

रस्ता कुठून जातो ते थोडक्यात सांगते. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. नागपूर आणि उदगीरला पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची आहेत. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या भागातल्या मुलांनी नागपूरचा विचार जरूर करावा, कारण मत्स्यशेती म्हणजे फक्त समुद्र नव्हे. पुढे एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासून. ती देशातली या विषयातली अव्वल संस्था आणि लोकलच्या अंतरावर आहे, तरी मुंबईकर पालकांना तिचं नाव माहीत नसतं. बोटीवरच जायचं असेल तर कोचीतच मासेमारी नौकांचं प्रशिक्षण देणारी वेगळी केंद्रीय संस्था आहे, तिथे दहावीनंतर नौकाचालकाचा अभ्यासक्रम आहे आणि बारावीनंतर पदवीही. नोकऱ्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात, बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी भरतीत, निर्यात तपासणीत, खाद्य कंपन्यांत, हॅचऱ्यांत, प्रक्रिया कारखान्यांत आणि संशोधन संस्थांत आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही महाविद्यालयांत मत्स्य विषय घेऊन तीन वर्षांची साधी बी.एस्सी. असते. ती वाईट नाही, पण ती बी.एफ.एस्सी. नव्हे. सरकारी जाहिरातीत पदवीचं नाव नेमकं लिहिलेलं असतं आणि तीन वर्षं घालवल्यावर ते वाचून उपयोग नसतो. पर्याय भरण्याआधी मागच्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती काढून स्वतः वाचा.

आता अडचणी, कारण त्या लपवून सल्ला देणं मला पटत नाही. राज्य सेवेतल्या जागा थोड्या आहेत आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि काम आंध्रात, गुजरातेत किंवा ओडिशात असू शकतं. कोळंबीच्या तळ्यावर रात्री दोनला प्राणवायू उतरला, तर दोनलाच उठावं लागतं. निर्यात परदेशी बाजारावर टेकलेली आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क चढवलं तेव्हा आंध्रच्या शेतकऱ्यापर्यंत त्याची झळ पोहोचली. माशाचा वास सोसत नसेल, पाण्याची भीती असेल, तर या वाटेला जाऊ नका. शाकाहारी घरातल्या मुलामुलींना मात्र मी मुद्दाम सांगते, की खाणं आणि अभ्यासणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हा निर्णय मुलांचा आहे, आजीचा नाही.

कोळी घरांतल्या आईवडिलांची भीती वेगळी असते. “आम्ही समुद्रात जन्म काढला, पोरानं तरी त्यातून बाहेर पडावं,” असं ते म्हणतात. ज्यांनी वादळात माणसं गमावली आहेत, त्यांच्याशी वाद घालायची माझी योग्यता नाही. तरी एक विचारते. मासेमारीच्या बंदीचे दिवस ठरतात, जाळ्याच्या आसाचं माप ठरतं, ५४ प्रजातींचा मासा किती लहान असला तर पकडायचा नाही हे ठरतं, तेव्हा त्या खोलीत तुमच्यातलं कोण असतं? तांडेलाच्या घरात वाढलेली मुलगी शास्त्रज्ञ होऊन तिथे बसली, तर ती समुद्रापासून लांब गेली असं तुम्ही म्हणाल का? वाऱ्याची आणि पाण्याच्या ओढीची जी समज तिला घरात मिळाली, ती इतर विद्यार्थ्यांना मिळवायला वर्षं जातात.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. मुलाला आईवडिलांशिवाय एक दिवस वर सांगितलेल्यांपैकी एखाद्या मत्स्य महाविद्यालयात पाठवा. त्याने तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावं, हॅचरीची टाकी बघावी, वसतिगृहात जेवावं. आणि तो परत आल्यावर त्याचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. तो नको म्हणाला तर तेही उत्तर धरा आणि दुसऱ्या पर्यायाकडे वळा. पण तिसऱ्या वर्षाच्या क्लासची फी भरण्याआधी हे व्हायला हवं.