यंत्राचं नाव शेवटी विचारा

आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणारा प्रत्येकजण एकेका यंत्राचं नाव सुचवू लागला. मिरजकर तिकटीजवळचे एक काका प्रोटॉनचं सांगत, पुण्याची मावशी सायबरनाइफचं. एका केंद्रानं तर पॅकेजच पुढं ठेवलं: सगळे शेक, म्हणजे किरणोपचार, नव्या यंत्रावर बाहेरूनच देऊ, 'आतला शेक' लागणार नाही. त्यांच्याकडं आतल्या शेकाची, म्हणजे ब्रेकीथेरपीची, सोयच नव्हती, हे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्यावर समजलं.

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते. शस्त्रक्रिया न करता किरणांनीच या कॅन्सरवर उपचार करायचे असतील, तर बाहेरच्या शेकांनंतर किरणांचा स्रोत थेट गर्भाशयात काही मिनिटं ठेवतात. गाठीला भरपूर मात्रा मिळते, आणि थोडं अंतर पडलं की ती झपाट्यानं उतरते. त्यामुळं मूत्राशय आणि गुदाशय बऱ्याच अंशी वाचतात. बाहेरचं यंत्र कितीही महाग असलं तरी ही जागा भरून काढत नाही. शिवाय बाहेरचे-आतले सगळे शेक मिळून आठ आठवड्यांत संपायला हवेत; लांबले तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. पहिल्याच भेटीत विचारा: ब्रेकीथेरपी कुठं होणार, तारीख कोणती? यंत्र बिघडलं किंवा सुट्टी आली, तर चुकलेला दिवस कसा भरून काढणार? आम्ही हे विचारून केंद्र निवडलं आणि आईचे उपचार मुदतीत झाले.

नवं तंत्र वाया जातं असं मात्र नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन नंतर शेक घेणाऱ्या ३०० स्त्रियांमध्ये दोन पद्धतींची तुलना केली. जुन्या थ्री-डी पद्धतीत तीन वर्षांत सुमारे ४२ टक्के स्त्रियांना आतड्याचा बऱ्यापैकी त्रास झाला, आयएमआरटी या नव्या पद्धतीत सुमारे २१ टक्के. रोग दोन्हीकडं सारखाच आटोक्यात राहिला. आतड्याचा त्रास निम्म्यावर येणं ही लहान गोष्ट नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा शेकांसाठी आयएमआरटी मागाच.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरात आयएमआरटीनं लाळग्रंथी वाचवता येतात, नाहीतर तोंड कायमचं कोरडं पडू शकतं. पण शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन या. नंतर दात काढावा लागला, तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं. डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी श्वास रोखून शेक घेतला की हृदय किरणांपासून दूर राहतं. ती सोय आहे का, विचारा. लहान मुलांच्या मेंदूच्या काही गाठींसाठी प्रोटॉन खरोखर मोलाचं आहे, आणि टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ते मिळतं.

हाडात पसरलेल्या कॅन्सरची वेदना कमी करायला बहुतेकदा ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका एकच शेक पुरतो, तोही साध्या कोबाल्ट यंत्रावर. त्यासाठी थकलेल्या माणसाला मुंबईला नेऊ नका.

खर्चाचं म्हणाल, तर राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, पण मंजुरीला वेळ लागू शकतो. रेशनकार्ड आणि बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन, फाइल उघडली त्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.