पिझ्झा फुकट, उन्हाळा महाग

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत ‘ओव्हल’ नावाचं मोठं हिरवं मैदान आहे. त्याच्या कडेच्या पेज हॉलमध्ये जॉन ग्लेन कॉलेज ऑफ पब्लिक अफेअर्स भरतं. सेमिस्टर सुरू झालं की विद्यार्थ्याच्या ई-मेलमध्ये कार्यक्रमांची रीघ लागते. कधी दुपारचं व्याख्यान, कधी माजी विद्यार्थ्यांशी गप्पा, नोकरमेळावा, नाहीतर बायोडेटा तपासून देण्याची संध्याकाळ. बहुतेक आमंत्रणांच्या तळाशी दोन गोष्टी असतात: प्रवेश विनामूल्य, खाण्याची सोय आहे. पहिल्या महिन्यात मुलगी घरी फोन करून सांगते, “आई, इथे सगळं फुकट आहे गं.” फेब्रुवारीत तीच मुलगी बाबांना विचारते, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या क्रेडिटचे पैसे कुठून आणायचे?

त्या दोन फोनांच्या मधल्या खर्चाचा हा हिशेब आहे. शिकवणी-फी आणि घरभाडं यांचे आकडे प्रवेशपत्राबरोबर येतातच, ते इथे घेत नाही. कॉलेज ‘संधी’ म्हणून जे पुढे करतं, त्याला किती पैसे पडतात एवढंच पाहू. सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरला आहे.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पब्लिक अफेअर्स म्हणजे सरकार, नगरपालिका आणि स्वयंसेवी संस्था चालवण्याचं शिक्षण. त्यात अंदाजपत्रक आलं, धोरणाचं मूल्यमापन आलं, आकडेवारीही आली. इथली मुख्य पदवी एमपीए, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन. ग्लेन म्हणजे १९६२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर, पुढे २४ वर्षं ओहायोचे सिनेटर. १९९८ मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, ते डिस्कव्हरी यानातून पुन्हा अवकाशात गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाची संस्था इथे सुरू झाली. स्वतंत्र कॉलेजचा दर्जा मिळाला २०१५ मध्ये.

पैशाआधी पासपोर्ट

इंजिनिअरिंगला गेलेल्या चुलतभावाचा अनुभव इथे लागू पडत नाही. त्याला नोकरी देणारी कंपनी असते, इथे नोकरी देणारं बहुधा सरकार असतं. आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारची नोकरी जवळजवळ सगळी तिथल्या नागरिकांसाठीच. त्यामुळे संधींची यादी हातात आली की आधी किंमत पाहू नका, पात्रतेची ओळ पाहा. ट्रूमन शिष्यवृत्ती, बोरेन, पिकरिंग, रँगेल, व्हाइट हाउसची इंटर्नशिप, परराष्ट्र खात्याची इंटर्नशिप या सगळ्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. यांच्या माहितीसत्राला खुशाल जा, सामोसे खा, पण अर्ज लिहिण्यात आठवडा घालवू नका. जुन्या माहितीपत्रकांत प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोशिपचं नाव ठळक दिसेल. १९७७ पासून चाललेली ती योजना फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने बंद झाली, म्हणजे आता ती नागरिकांनाही नाही.

उघडे दरवाजे वेगळ्या गल्लीत आहेत. जागतिक बँकेची इंटर्नशिप सदस्य देशांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खुली असते आणि ती पगारी असते. संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिपही खुली आहे, पण बिनपगारी, शिवाय प्रवास, व्हिसा, राहणं सगळं आपल्याच खिशातून. न्यूयॉर्कमध्ये. नाव मोठं आहे, पण ज्यांनी कर्ज काढलं आहे त्यांनी हा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा कोलंबसमधल्याच संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, शहर नियोजनाची कार्यालयं आणि सल्लागार कंपन्या यांच्याकडे विचारणा करावी. घरभाडं एकच राहतं.

जे खरंच फुकट आहे

पेज हॉलमधली व्याख्यानं तर आहेतच. पण या गावाचा खरा फायदा असा की कोलंबस ही राज्याची राजधानी आहे. कॅम्पसवरून हाय स्ट्रीटने सरळ दक्षिणेला तीनेक मैलांवर ओहायोचं स्टेटहाउस. १८६१ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत विधिमंडळ आजही भरतं. समित्यांच्या सुनावण्यांना कुणालाही मागे जाऊन बसता येतं, तिकीट नाही की ओळखीची चिठ्ठी नाही. बसचे पैसे विद्यापीठाच्या फीमध्येच गेलेले असतात, ओळखपत्र दाखवायचं आणि चढायचं. मंत्रालयात आत शिरायला पास काढून रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे फार अप्रूपाचं वाटतं. एका सत्रात तीन-चार सुनावण्या ऐकल्या तर वर्गातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो, आणि मुलाखतीत बोलायला स्वतःचं काही मिळतं.

गावात कोलंबस मेट्रोपॉलिटन क्लबच्या बुधवारच्या दुपारच्या चर्चा प्रसिद्ध आहेत. तिथे जेवणासकट तिकीट असतं, पण चर्चा ऑनलाइनही पाहता येते. प्रत्यक्ष जायचंच तर कॉलेजने टेबल घेतलं आहे का, ते आधी विचारा. रिकाम्या खुर्च्या असतात आणि त्या मागणाऱ्याला मिळतात.

नासपा-बॅटन नावाची एक स्पर्धा वसंत ऋतूत होते. वेगवेगळ्या विद्यापीठांतले धोरण-प्रशासनाचे विद्यार्थी गट करून एखाद्या सार्वजनिक संकटाचा संगणकावरचा खेळ दिवसभर खेळतात: पैसा इतका, माणसं इतकी, निर्णय घ्या. तिला नागरिकत्वाची अट आडवी येत नाही. बायोडेटावर ओळ हवी असेल तर शुल्क भरून मिळणाऱ्या मानद सभासदत्वांपेक्षा ही बरी.

जिथे फुकट सही महागात पडते

हा भाग पालकांनीही वाचावा. निवडणुकीच्या दिवसांत ओव्हलवर टेबलं मांडलेली असतात. हसरी मुलं हातात पॅड घेऊन विचारतात, “मतदार म्हणून नाव नोंदवलंस का?” घाईत असलेला आपला विद्यार्थी चांगुलपणा म्हणून फॉर्म भरतो. त्या फॉर्मवर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ अशी ओळ असते आणि तिच्याखाली सही. नागरिकत्वाचा खोटा दावा ही व्हिसाधारकासाठी सगळ्यात वाईट चूक. चुकून केली हे पटवणंही कठीण जातं, आणि वकिलाची फी कुठल्याही सेमिस्टरच्या पुस्तकांपेक्षा जास्त. ‘मी विद्यार्थी व्हिसावर आहे’ एवढं म्हणून पुढे चालू लागायचं. नोंदणीकृत मतदारांच्या सह्या गोळा करणारे अर्जही तसेच, सही नाही.

दुसरा सापळा निधीसंकलनाच्या जेवणाचा. पब्लिक अफेअर्सचे वर्गमित्र कुणा ना कुणा उमेदवाराच्या प्रचारात असतातच. ‘पंचवीस डॉलरचं तिकीट आहे, ये ना, ओळखी होतील.’ अमेरिकेच्या कायद्याने परदेशी नागरिकाला केंद्र, राज्य वा स्थानिक कुठल्याही निवडणुकीत देणगी देता येत नाही, आणि अशा जेवणाचं तिकीट ही पूर्ण रकमेची देणगीच धरली जाते. केंद्राच्या या कायद्यात ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला नाही. ओहायोने २०२४ मध्ये कायदा करून जनमताच्या प्रश्नांवरच्या प्रचारालाही ही बंदी लावली. प्रचारात बिनपगारी हातभार लावता येतो, दारोदार पत्रकं वाटता येतात, फक्त पैशाच्या आणि डावपेचांच्या निर्णयात बसायचं नाही. पाकीट घरी ठेवून गेलात तर शिकायला मिळेल भरपूर.

वॉशिंग्टनची वारी

ग्लेन कॉलेजचा पदवी विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम आहे: एक अख्खं सेमिस्टर वॉशिंग्टनमध्ये राहून इंटर्नशिप आणि अभ्यास. कल्पना उत्तम. पण वॉशिंग्टनचं राहणं कोलंबसपेक्षा बरंच महाग, आणि कोलंबसची भाड्याची खोली रिकामी ठेवून दुसरं भाडं भरणं म्हणजे दोन चुली पेटवणं. जाण्याचं ठरत असेल तर खोलीचा करार करतानाच पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा लिहून घ्या.

एमपीएवाल्यांना दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या कराव्या लागतात, माजी विद्यार्थ्यांच्या भेटी, परिषदा, मुलाखती. आगगाडीचा विचार मनातून काढा. कोलंबसएवढ्या मोठ्या शहराला १९७९ पासून प्रवासी गाडीच नाही. अंतर साधारण चारशे मैल, गाडीने सहा-सात तास. चौघांनी मिळून भाड्याची गाडी केली तर विमानापेक्षा स्वस्त पडते, फक्त चालवणारा पंचविशीच्या आत असेल तर भाड्याच्या कंपन्या वरचे पैसे लावतात, म्हणून वयाने मोठा मित्र बरोबर घ्यावा. तिथे पोचल्यावर मात्र संसदेच्या समित्यांच्या सुनावण्या, लायब्ररी ऑफ काँग्रेस, स्मिथसोनियनची संग्रहालयं, कशालाच पैसे पडत नाहीत.

अशा प्रवासाला कॉलेज, विभाग किंवा विद्यार्थी संघटना काही रक्कम देतात. गोम अशी की ती बहुधा परताव्याच्या रूपात येते. आधी तुमचं कार्ड झिजतं, पैसे पुढे कित्येक आठवड्यांनी. तोवर कमाईतून भागवावं म्हटलं, तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच्या नोकरीत आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. ओहायोचं २०२५ चं किमान वेतन तासाला १०.७० डॉलर, म्हणजे कर कापण्याआधी आठवड्याचे २१४ डॉलर, अंदाजे १९ हजार रुपये. वॉशिंग्टनमधल्या दोन रात्री ते गिळतात. मदतीचा अर्ज प्रवासाच्या आधी मंजूर करून घ्या, आणि प्रत्येक पावती तपशिलासकट जपा. नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही. परिषदेत श्रोता म्हणून जाणाऱ्यापेक्षा निबंध किंवा पोस्टर मांडणाऱ्याला पैसे मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक.

कोट-पँटबद्दल एक. मेळाव्याला आणि मुलाखतीला बंद गळ्याचा नव्हे, साधा गडद सूट लागतो. तो लक्ष्मी रोडवर किंवा दादरला मापाने शिवून न्यावा. मुलींनीही. तिकडे शिंप्याकडून नुसती बाही आखूड करायची तरी वाटतं, सूटच घेतला असता.

उन्हाळा

खरा खर्च इथे आहे. एमपीएच्या दोन वर्षांमधला उन्हाळा इंटर्नशिपचा. कॅम्पसबाहेर काम करायचं तर एफ-१ विद्यार्थ्याला सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते, आणि त्यासाठी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. सरकारकडे त्याचं शुल्क शून्य. पण बहुतेक विद्यापीठं ही परवानगी एखाद्या अभ्यासक्रमाशी जोडतात. उन्हाळी सेमिस्टरमध्ये इंटर्नशिपचं क्रेडिट घ्यायचं, क्रेडिटची फी भरायची, तीही बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या दराने. काम बिनपगारी असेल तर काम करायला आपणच पैसे मोजतो. बिनपगारी म्हणून परवानगीशिवाय चालेल असंही समजू नका. तेव्हा इंटर्नशिप स्वीकारण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा: कमीत कमी किती क्रेडिट पुरतील? पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये ती मोजली जातील का? मोजली जाणार असतील तर तोटा नाही, पुढच्या सेमिस्टरचं ओझं तेवढं हलकं होतं. जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांसाठी वेगळ्या परवान्याचाही मार्ग आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून जानेवारीतच चौकशी करा. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने केली तर पुढची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, हातची जाते, हेही ध्यानात असू द्या.

पगार मिळाला तर पहिली पगारचिठ्ठी नीट वाचा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापले जातात, पण एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते सहसा लागू नसतात. छोट्या संस्थांच्या हिशेबनिसांना हे माहीत नसतं, वाद न घालता सांगायचं, दुरुस्त करतात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावटही मिळते, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती नाही. कर भरून देणाऱ्या चकचकीत दुकानात जाण्याआधी विद्यापीठ कुठलं सॉफ्टवेअर देतं ते पाहा.

सरकारी शुल्कांची यादी अशी: सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं शुल्क, ३५० डॉलर (३१,५०० रुपये), व्हिसा अर्ज १८५ डॉलर (१६,६५०), आणि पदवीनंतरच्या वर्षभराच्या ओपीटीचा ऑनलाइन अर्ज एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार ४७० डॉलर (४२,३००). शेवटची रक्कम प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही आणि ती नेमकी खिसा रिकामा असताना येते. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. ओपीटी सुरू झाली की एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, पण आठवड्याला किमान २० तासांचं, विषयाशी संबंधित स्वयंसेवी काम या नियमात नोकरीसारखं मोजलं जातं. आणखी दोन वर्षं मिळतात ती फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदव्यांना. पब्लिक अफेअर्सच्या पदव्या सरसकट त्या यादीत नसतात. कॉलेजला पदवीचा सीआयपी कोड, म्हणजे विषय-वर्गीकरणाचा क्रमांक, विचारा. प्रवेश घेण्याआधी, नंतर नव्हे.

पैसा भारतातून जमवायचा तर फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या विषयांत लोकप्रशासन आहे. फी, राहणं, प्रवास सगळं त्यात येतं. अटी अशा: किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव आणि पदवीनंतर दोन वर्षं मायदेशी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देते.

परत येऊन मुख्यमंत्री फेलोशिप करायची असं बरेच जण ठरवून जातात. २०२५-२६ साठी तिचं मानधन दरमहा ५६,१०० आणि प्रवासाचे ५,४०० रुपये. मराठी लिहिता-बोलता आलं पाहिजे, एक वर्षाचा अनुभव हवा आणि वय २१ ते २६. पदवीनंतर तीन वर्षं नोकरी, दोन वर्षं एमपीए, वर ओपीटीचं एक वर्ष, हा क्रम लावून बघा. परत येईपर्यंत सव्वीस उलटून गेलेलं असतं.