गावातील आगामी कार्यक्रम आणि सोयाबीनचे घरचे बियाणे



चैत्र सरत आला की गावोगावी जत्रा, अक्षय तृतीया, महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आणि पुढे १ जुलैचा कृषी दिन असे कार्यक्रम ओळीने येतात. सोयाबीन उत्पादकांनी या तारखांना बियाण्याच्या कामाची जोड द्यावी. बियाणे उगवत नाही हे मे महिन्यात कळले, तर दुसरे मिळवण्यास अवधी असतो. तेच पेरणीनंतर कळले, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो आणि हंगामही लांबतो.

अक्षय तृतीया : अनेक भागांत सालदाराचे नवे साल या सणापासून धरतात. याच सुमारास बियाण्याची पोतीही तपासावीत. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने प्रमाणित बियाण्यापासून तयार झालेले बियाणे पुढे दोन ते तीन वर्षे वापरता येते. मात्र त्याचे बाह्य आवरण पातळ व नाजूक असते. मळणीत किंवा पोती आपटल्याने ते फुटते आणि दाणा वरून चांगला दिसला तरी उगवत नाही. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये.

उगवण चाचणी : ही चाचणी २० एप्रिलच्या आसपास सुरू करावी, म्हणजे निकाल १ मेपूर्वी हाती येईल.

१) प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे बियाणे काढून एकत्र मिसळावे व त्यातून न निवडता १०० दाणे मोजून घ्यावेत.

२) ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी.

३) गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. पाणी साचू देऊ नये.

४) सात ते आठ दिवसांनी फक्त निरोगी, पूर्ण कोंब मोजावेत. अशा तीन चाचण्यांची सरासरी धरावी.

सरासरी ७० किंवा अधिक आल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. ६५ आल्यास सुमारे ८१ किलो आणि ६० आल्यास सुमारे ८८ किलो लागेल. ६० पेक्षा कमी उगवणीचे बियाणे पेरणीसाठी वापरू नये.

१ मेची ग्रामसभा : हा विषय घ्यावा म्हणून सरपंचांकडे आधीच लेखी मागणी करावी. सभेत प्रत्येकाने आपल्या बियाण्याचा वाण, उगवणीचा टक्का व शिल्लक बियाणे सांगावे. कोणाकडे चांगले बियाणे जादा आहे आणि कोणाला कमी पडते, हे गावाला एकाच बैठकीत कळेल. देवघेव गावातच होऊ शकेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा होते, तेथेही ही चाचणी करून दाखवावी. कारण बियाणे निवडणे व सांभाळणे हे काम बहुतेक घरांत भगिनीच करतात.

मृग नक्षत्र : ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या सरीवर पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच ३ ते ४ सें.मी. खोलीवर पेरणी करावी. गावात पर्जन्यमापक असल्यास रोजचा पाऊस ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, म्हणजे अंदाजावर पेरणी होणार नाही. पेरणीपूर्वी बियाण्यास प्रथम बुरशीनाशकाची व शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी. हा क्रम उलटा करू नये. सोयाबीन जोरात चोळू नये, साल निघते.

कृषी दिन : वसंतराव नाईक यांच्या जयंतीनिमित्त १ जुलै हा दिवस कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सत्कार-भाषणे झाल्यावर सर्वांनी मिळून शिवारफेरी काढावी. ४५ × ५ सें.मी. अंतरावरील पेरणीत एक मीटर ओळीत सुमारे २० रोपे असावीत. पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी व उगवण होताच नांगे भरून घ्यावेत. ज्यांच्या शेतात उगवण विरळ आहे, त्यांचे एप्रिलमधील टक्के पडताळून पाहावेत. दोष बियाण्याचा, खोलीचा की ओलीचा, हे तेथेच स्पष्ट होईल.

बंधू-भगिनींनो, यासाठी वेगळी सभा नको आणि मोठा खर्चही नको. दोन गोणपाटे, शंभर दाणे आणि आठ दिवस पुरेत. यंदाच्या १ मे रोजी आपला टक्का सांगण्यासाठी ग्रामसभेस अवश्य हजर राहावे.