डोंगराची माती कोठे जाते?

मनुष्याने निसर्गात केलेल्या फेरफाराचा परिणाम पुष्कळदा त्याच जागी व त्याच वर्षी दिसत नाही. भूगोलाच्या अभ्यासात ही गोष्ट कशी सिद्ध झाली, ते आपण एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले. पुढे १८५३ पासून सिएरा नेवाडा पर्वताच्या टेकड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी फोडण्याची रीत निघाली. सोने तेवढे वेचून घेत व उरलेली दगडमाती नदीत सोडून देत. त्यामुळे यूबा नदीचे पात्र भरत गेले व मेरिसव्हिल गावापाशी ते रस्त्यांहूनही उंच झाले. गावाने बांध घातले. तरी १८७५ साली पूर आत शिरलाच. शेते गाळाखाली गेली. अखेर १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत माती सोडण्यास मनाई केली.

खाणी थांबल्या, परंतु माती थांबली नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (१८४३–१९१८) या भूशास्त्रज्ञांनी तिचा माग घेतला. त्यांनी खाणींचे खड्डे मोजले, पात्रांची उंची तपासली, लाकडी पन्हळीतून वाळू व पाणी सोडून प्रयोग केले. खाणींतून निघालेली माती पनामा कालव्यासाठी उपसलेल्या मातीच्या जवळजवळ आठपट भरली! ही माती लाटेसारखी हळूहळू खाली सरकते, असे त्यांनी १९१७ च्या अहवालात दाखविले. तिचा बारीक गाळ सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात साचत होता. तेथील दलदलींना, आपल्या खाजणांप्रमाणे, बांध घालून शेते केली जात होती. दोन्हींमुळे भरतीच्या पाण्याची जागा घटते, ओहोटीचा जोर मंदावतो आणि बंदराच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढण्याचा संभव असतो. अशा रीतीने डोंगरातील खाणीचा संबंध त्यांनी थेट समुद्राशी जोडला.

गिल्बर्ट यांच्यानंतरच्या संशोधकांना असे आढळले की, त्या मातीचा मोठा भाग अद्याप नदीकाठी पडून आहे व पुरात पुन्हा हलतो.

आम्हां गोमंतकीयांस हा विषय परका नाही. डिचोली, सांगे या भागांत लोहखनिज काढताना उरलेल्या मातीचे ढीग पावसात ओहोळांत व भातशेतांत उतरले आहेत. म्हणून आमचे विद्यार्थ्यांस सांगणे आहे की, येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या ओहोळाचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी किती गाळ बसला, ते वहीत टिपावे आणि तो कोणत्या डोंगरावरून आला, हे वडीलधाऱ्यांस विचारून नकाशावर दाखवावे.