बॅटरी बदलण्याआधी : ट्रॅक्टरचं चार्जिंग तपासायला किती खर्च येतो?

सेल्फ मारला आणि नुसती टिकटिक झाली, की बहुतेक जण थेट बॅटरीच्या दुकानात जातात. पण दोष अल्टरनेटरमध्ये असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते आणि सगळा पैसा वाया जातो. म्हणून तपासणी स्वस्तापासून महागाकडे न्यावी. खालचे दर अंदाजे आहेत. मॉडेल आणि गावानुसार ते बदलतात.

फुकटात होणारी कामं

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका. क्लॅम्प आवळा, चॅसीवरची अर्थिंगची जागा घासून घ्या. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी लावायची. पट्टा ढिला, चिरलेला किंवा तेलकट नाही ना, तेही पाहा.

चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागायला आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा. तो लागतच नसेल तर आधी बल्ब आणि वायर बघा. अनेक अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करणारा प्रवाह याच दिव्यातून मिळतो.

मल्टिमीटर : 300 ते 600 रुपये

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतं. 12 च्या जवळ आलं तर ती जवळपास रिकामी आहे. इंजिन मध्यम रेसवर असताना 13.8 ते 14.5 यायला हवं. आकडा वाढलाच नाही, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीचं पाणी वारंवार आटतं ते यामुळेच.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर कधीही तपासू नका. डायोड जळू शकतात.

दुरुस्तीचा अंदाज

- पट्टा : 200 ते 500 रुपये
- कार्बन किंवा रेग्युलेटर, मजुरीसह : 500 ते 1,500
- डायोड प्लेट, बेअरिंग : 1,000 ते 2,500
- नवा अल्टरनेटर : 4,000 ते 9,000
- नवी बॅटरी : 6,000 ते 9,000, जुनी परत दिल्यास काही रक्कम वजा

जादा दिव्यांचा भार

ऊस वाहतुकीच्या हंगामात रात्री जादा दिवे आणि टेप चालतात. 55 वॅटचा एक दिवा सुमारे साडेचार अँपिअर घेतो. चार दिव्यांचे अठरा झाले. मंद रेसवर अल्टरनेटर तेवढं देत नाही आणि बाकीचं बॅटरीतून जातं. अशा वेळी दुरुस्तीवर खर्च करण्याआधी एलईडी दिवे बसवा.

बिल देताना

बदललेला जुना भाग परत मागा. दुरुस्तीनंतर दिवे लावून व्होल्टेज स्वतः पाहा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का हवाच. नीट चार्जिंग होत असताना बॅटरी वर्षाच्या आत बसली, तर तुमचा दावा याच दोन कागदांवर उभा राहतो.