संगणकातून कॅमकॉर्डरकडे : संकलित चित्रफीत परत उतरविताना येणाऱ्या अडचणी

खेड तालुक्यातील महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पालटले. त्याचा लेखी वृत्तांत दप्तरांत सापडेल. परंतु डोळ्यांना दिसणारा वृत्तांत हवा असेल तर तो बहुधा मुठीत मावणाऱ्या लहान कॅसेटींमध्येच शोधावा लागेल. मिनी-डीव्ही या नावाची डिजिटल फीत १९९५ साली बाजारात आली. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली. शाळेचे स्नेहसंमेलन, सहल, ग्रामदैवताची यात्रा जिने टिपली ती फीत आणि गावाच्या शिवारात आलेले कारखाने, ही दोन्ही एकाच काळातील होत. पुढे मुले लेझीम खेळत आहेत आणि मागे कांद्याचे रान पसरले आहे, असे एखादे चित्र अशा फितीवर असले, तर आज त्या रानाच्या जागी कारखान्याची भिंत असावयाची.

अशी फीत संगणकात उतरवून घेणे, तिच्यातील अनावश्यक भाग काढणे, नावे घालणे, हे काम आता पुष्कळ शिक्षकांना येते. अडते ते पुढच्या पायरीवर. संकलित चित्रपट पुन्हा कॅमकॉर्डरच्या फितीवर नेण्याचे प्रयोजन आजही संपलेले नाही. एक तर संगणक बिघडला तरी मूळ प्रतीच्या तोडीची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी राहते. दुसरे असे की, पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांची तार लावून कॅमेरा कोणत्याही जुन्या दूरदर्शन संचास जोडता येतो व ग्रामसभेपुढे चित्रपट दाखविता येतो. परंतु संगणक 'कॅमेरा सापडत नाही' असे म्हणतो, किंवा कॅमेऱ्याचा पडदा निळाच राहतो, आणि शिक्षक यंत्र बिघडले असे समजून ते कपाटात ठेवून देतात. वस्तुतः बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. वाटेत पाच-सहा दरवाजे असतात व त्यांपैकी एक बंद असतो, इतकेच.

शोधास आरंभ करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पक्की केली पाहिजे. फितीवर नवे मुद्रण झाले की तेथील जुने पुसले जाते आणि ते कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून ज्या कॅसेटवर मूळ चित्रण आहे ती कॅसेट प्रयोगाच्या वेळी कॅमेऱ्यात असता कामा नये. कॅसेटच्या पाठीवर एक लहानशी सरकती खिटी असते. ती 'सेव्ह' या बाजूस सरकविली म्हणजे मुद्रण होत नाही. सर्व जुन्या कॅसेटींच्या खिट्या आधी त्या बाजूस सरकवाव्यात आणि प्रयोगासाठी एक कोरी, निदान निरुपयोगी ठरलेली, कॅसेट घ्यावी. हीच खिटी अडचणीचेही एक कारण असते. सारे काही ठीक असून मुद्रण सुरू होत नसेल, तर घेतलेल्या कॅसेटची खिटी उलट बाजूस तर नाही ना, हे प्रथम पाहावे.

शोधाचा सर्वांत उपयुक्त टप्पा म्हणजे उलटी परीक्षा. संगणकाकडून कॅमेऱ्याकडे चित्र जात नसेल, तर आधी कॅमेऱ्यातील फीत चालवून तिचे चित्र संगणकात येते की नाही हे पाहावे. ते येत असेल तर तार चांगली आहे, दोन्हीकडील पोर्ट चांगले आहेत, आणि संगणकास कॅमेऱ्याची ओळख पटलेली आहे, हे एका खेपेतच सिद्ध होते. दोष केवळ परतीच्या वाटेवर उरतो. तेही येत नसेल, तर आज्ञावलीत डोके घालण्यापूर्वी तारेकडे वळावे. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत यंत्राची लाइन बंद पडली की जाणता कामगार नेमके हेच करतो. सर्व भाग सुटे करीत बसण्याऐवजी मध्येच एका जागी तो तपासतो आणि दोष अलीकडे आहे की पलीकडे हे ठरवितो.

तारेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण फसगत येथेच अधिक होते. या कॅमेऱ्यांस सामान्यतः दोन पोर्ट असतात. यूएसबीचा पोर्ट बहुतेक कॅमेऱ्यांत कार्डावरील स्थिर छायाचित्रांसाठी असतो. फितीवरील चित्राची ने-आण फायरवायर नावाच्या दुसऱ्या पोर्टातून होते. यासच सोनी कंपनी आय-लिंक म्हणते. कॅमेऱ्याकडील टोकास चार पिना असतात, संगणकाकडील टोकास पुष्कळदा सहा. सहा पिनांच्या टोकातून विजेचा पुरवठाही होतो. ते उलटे धरून जोराने दाबल्यास पोर्ट कायमचा निकामी होतो. म्हणून जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत व बळ वापरू नये. एका टोकास यूएसबी व दुसऱ्या टोकास चार पिना असलेली स्वस्त तार बाजारात मिळते. ती घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. दोन्ही पद्धतींची भाषाच भिन्न असल्यामुळे केवळ टोके जुळवून काम होत नाही. टेबलावर ठेवावयाच्या संगणकात फायरवायरचे स्वतंत्र कार्ड बसविता येते. नव्या लॅपटॉपांवर हा पोर्ट नसतो, आणि ॲपलने २०२५ सालच्या आपल्या टाहो या प्रणालीतून फायरवायरचा आधारही काढून घेतला. यास्तव शाळेतील जुना, फायरवायर असलेला संगणक भंगारात देण्याची घाई करू नये.

कॅमेऱ्याचा खटका 'कॅमेरा' या खुणेवर नसून 'प्ले' अथवा 'व्हीसीआर' या खुणेवर असला पाहिजे. हे क्षुल्लक वाटते, पण वारंवार राहून जाते. पावसाळ्यात निराळीच अडचण उद्भवते. ओलसर हवेत आणलेल्या थंड यंत्रातील ढोलावर बाष्प जमते, कॅमेरा थेंबाचे चिन्ह दाखवितो आणि फीत चालविण्याचे नाकारतो. हा बिघाड नव्हे. कॅसेट काढून झाकण उघडे ठेवावे व तासभर थांबावे.

उलट्या परीक्षेत चित्र संगणकात आले, तरीही परत जात नाही, असे झाल्यास कॅमेरा कोणत्या देशाचा हे पाहावे. युरोपीय संघात, बाहेरील चित्र मुद्रित करू शकणाऱ्या कॅमकॉर्डरवर व्हिडिओ रेकॉर्डरचा अधिक जकातदर लागत असे. तो चुकविण्यासाठी उत्पादकांनी तेथील कित्येक नमुन्यांत आत येणारी वाट बंद करूनच कॅमेरे विकले. अशा कॅमेऱ्यातून चित्र बाहेर जाते, आत मात्र येत नाही. आणि पुस्तिकेत पाहिल्याखेरीज हे उमगत नाही. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट याहून वेगळी. तेथील पद्धत एनटीएससी, आपली पाल. पालमध्ये सेकंदास २५ चित्रे व प्रत्येक चित्रात ५७६ दृश्य रेषा असतात. एनटीएससीच्या डीव्ही फितीवर सेकंदास सुमारे ३० चित्रे व ४८० रेषा. पाल पद्धतीने संकलित केलेला चित्रपट अमेरिकन कॅमेऱ्याकडे धाडला तर तो स्वीकारीत नाही. संकलनास आरंभ करतानाच कॅमेऱ्याची पद्धत निवडली असती तर हा प्रसंग टळला असता.

संगणकातील आज्ञावलीही तपासली पाहिजे. विंडोज एक्सपीमधील मूव्ही मेकरमध्ये डीव्ही कॅमेऱ्याकडे चित्रपट पाठविण्याची सोय होती. पुढे आलेल्या विंडोज लाइव्ह मूव्ही मेकरमध्ये ती राहिली नाही. शिवाय फितीस केवळ डीव्ही स्वरूपातील चित्र कळते. भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी केलेली एमपी-४ धारिका तशीच पाठविता येत नाही. ती आधी डीव्ही स्वरूपात करून घ्यावी लागते.

आता अशी एक अडचण, जीत चित्र जाते खरे, पण अडखळत जाते. तिचे कारण समजण्यास फितीची गती ध्यानात घ्यावी. कॅमेऱ्यातील लहानसा ढोल सेकंदास १५० फेरे घेतो व फितीवर सेकंदास ३०० तिरक्या रेषा लिहितो. एका चित्रास बारा रेषा लागतात. ढोल कोणासाठी थांबत नाही. एका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात पुढचे चित्र संगणकाने पुरविले नाही, तर ते चित्र हुकलेच. म्हणून मुद्रण चालू असताना संगणकावर दुसरे कोणतेही काम करू नये, विषाणुरोधक तपासणी व वीजबचतीची योजना तात्पुरती बंद ठेवावी, आणि चित्रपट पेन-ड्राइव्हवरून न चालविता संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवर आधी उतरवून घ्यावा. चित्रावर चौकोनी ठिपके दिसत असल्यास दोष ढोलावरील धुळीचा असू शकतो. त्यासाठी स्वच्छता-कॅसेट मिळते, तीही पुस्तिकेत सांगितल्याहून अधिक वेळ चालवू नये.

येथे वरच्या वर्गांस गणिताचे एक चांगले उदाहरण सापडते. पाल डीव्हीचे एक चित्र, आवाजासह, १,४४,००० बाइट जागा घेते. सेकंदास २५ चित्रे, तर एका तासाच्या फितीस किती जागा लागेल? उत्तर सुमारे १३ गिगाबाइट येते. दुसरा प्रश्न असा की, पुष्कळ पेन-ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेले असतात व त्यांत एका धारिकेस चार गिगाबाइटांहून अधिक जागा मिळत नाही. मग चित्रपट किती मिनिटांनी तुटेल? मुलांनी भागाकार केला म्हणजे एकोणीस-वीस मिनिटे असे उत्तर येते. पाऊण तासाचे स्नेहसंमेलन पेन-ड्राइव्हवर दर खेपेस ठरावीक जागीच का अडते, याचा उलगडा त्यांना होतो.

ज्या शाळेत कॅमकॉर्डर नाही, तेथे शोधाची ही रीत हातातील विजेरीवर शिकविता येईल. शिक्षकांनी आधीच एक दोष करून ठेवावा. एक सेल उलटा घालावा किंवा दिवा थोडा सैल करावा. मुलांनी एका वेळी एकच भाग बदलावा, काय घडले ते पाटीवर लिहावे, आणि उपयोग न झाल्यास तो भाग पूर्ववत् करूनच पुढे जावे. दोन भाग एकदम बदलून विजेरी पेटली तर दोष कोणात होता हे सांगता येत नाही, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. चाकण परिसरातील पुष्कळ मुलांचे पालक फिटर, इलेक्ट्रिशियन अथवा मेंटेनन्स विभागातील कामगार आहेत. अशा एखाद्या पालकास वर्गात बोलावून बंद यंत्राचा शोध कोठून सुरू करतात हे सांगण्यास विनवावे. तो पाठ पुस्तकापेक्षा अधिक रंगेल.

कार्डावर चित्रण करणाऱ्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत फीत नाही, ढोल नाही; तेथे अडचण वेगळीच आहे. संगणकावरून धारिका कार्डावर उतरते, पण कॅमेरा ती दाखवीत नाही. कॅमेरा स्वतः लिहिलेल्या धारिकांची स्वतःची सूची ठेवतो व तिच्या बाहेरील धारिकेस ओळखत नाही. धारिकेचे नाव बदलून क्वचितच काम भागते. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या आज्ञावलीत परत लिहिण्याची सोय असल्यास ती वापरावी, नसल्यास हा हट्ट सोडून संगणकच संचास जोडावा.

फितीवर मुद्रण करताना चित्रपटाच्या आरंभी दहा सेकंद काळा पडदा ठेवावा, कारण फितीस वेग घेण्यास थोडा अवकाश लागतो व तेवढ्यात पहिली अक्षरे गळून जातात. मुद्रण संपल्यावर फीत आरंभी, मध्ये व शेवटी चालवून चित्र व आवाज दोन्ही पाहावेत. मग खिटी 'सेव्ह'कडे सरकवावी आणि कॅसेटवर गावाचे नाव, प्रसंग, मूळ चित्रणाचे वर्ष, प्रत केल्याची तारीख व 'पाल' हा शब्द शाईने लिहून ती मूळ कॅसेटपासून निराळ्या कपाटात ठेवावी.