कलिंगडाचे बी

लोणावळ्याच्या कड्यावर उभे राहिले म्हणजे दोन मुलूख एकाच वेळी दृष्टीस पडतात. पश्चिमेस कडा एकदम तुटतो आणि सुमारे साडेपाचशे मीटर खाली खोपोलीच्या बाजूचे कोकण पसरलेले दिसते. पूर्वेस मावळाच्या डोंगररांगा आणि त्यांच्यामधून वाट काढणारे इंद्रायणीचे खोरे. दोन्ही मुलूख भाताचे. दोन्हीकडे पावसाळ्यात पाऊस मुसळधार कोसळतो आणि भात निघाले की दोन्हीकडची खाचरे रिकामी होतात. विहिरीचे किंवा नदीचे पाणी जवळ असेल, तर अशा रिकाम्या खाचरांत कलिंगड घेता येते. घाटाखाली रायगड जिल्ह्यातील अनेक शेतकरी भातानंतर हे पीक घेतात.

परंतु एकाच पिशवीतले बी डिसेंबरमधील एकाच दिवशी घाटाखाली व घाटावर पेरले, तर काय होईल? खाली आठ-दहा दिवसांत कोंब मातीबाहेर डोकावतील. वर मात्र पंधरवडा लोटला तरी माती तशीच राहील. उकरून पाहिले तर बी फुगून कुजलेले आढळेल. बी तेच, पेरणारा हातही तोच. मग असे का व्हावे?

याचे कारण कलिंगडाच्या मूळ घरी सापडते. कलिंगड मूळचे आफ्रिकेतील उष्ण प्रदेशाचे. तेथून ते फार प्राचीन काळी ईजिप्त देशात गेले. १९२२ साली तुतनखामेन या राजाचे थडगे उघडण्यात आले. तेथे मृतासोबत ठेवलेल्या वस्तूंमध्ये कलिंगडाच्या बियाही सापडल्या. म्हणजे तेहतीसशे वर्षांपूर्वीही हे फळ माणसाला प्रिय होते. हजारो वर्षे लोटली, कलिंगड देशोदेशी पसरले. पण त्याच्या बियांनी उबेची आवड सोडली नाही. माती पंचवीस-तीस अंश सेल्सिअस इतकी उबदार असली म्हणजे बी चटकन रुजते. ती पंधरा अंशांच्या आसपास उतरली की अंकुराची वाढ थांबते. बी पाणी तर शोषून घेते, पण वाढू शकत नाही. मग मातीतील बुरशी त्यावर चढते आणि ते कुजते.

पौष महिन्यात मावळातील रात्री फार थंड असतात. कित्येकदा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. म्हणून येथे थंडी ओसरेपर्यंत वाट पाहावी लागते. पण फार काळ वाट पाहूनही चालत नाही. कलिंगड तयार होण्यास सुमारे तीन महिने लागतात आणि जूनमध्ये पाऊस सुरू होतो. त्यापूर्वी मे महिन्यात वळवाच्या सरीही येतात. पिकलेल्या फळावर पाणी पडले तर फळ तडकते, गोडी उतरते. म्हणजे मावळातील शेतकऱ्याच्या हाती थंडी आणि पाऊस यांमधली एक अरुंद फट तेवढी असते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बी मातीत पडले, तर मे महिन्याच्या मध्यास फळे हाती येतात. उतावळेपणाने बी जाते, आळसाने फळ जाते. हाताशी तापमापक नसला तरी सकाळी मातीत बोट खुपसून पाहावे. माती गार लागली तर थांबावे; कोमट लागली तर कामाला लागावे.

पेरणीची रीत अवघड नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून उबेच्या जागी ठेवतात. दोन-चार दिवसांत टरफल उकलते व पांढरे टोक दिसू लागते. जमिनीत दीड-दोन मीटर अंतरावर आळी करतात आणि त्यांत कुजलेले शेणखत मिसळतात. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया दोन-तीन सेंटिमीटर खोल लावतात. पुढे सशक्त रोप ठेवून बाकीची काढून टाकतात. रोपे आधी तयार करावयाची असतील, तर ती द्रोणात किंवा कागदी पेल्यात वाढवून मातीच्या गोळ्यासह लावावी लागतात. कारण कलिंगडाच्या मुळांना धक्का सोसत नाही. आता कित्येक शेतकरी रोपवाटिकेतून तयार रोपे आणतात, ठिबक सिंचनाने थेंबथेंब पाणी देतात आणि गादीवाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन पसरतात. साधने बदलली, तरी बियांची मागणी बदललेली नाही.

वेल पसरली की पिवळी फुले येतात. आधी नर फुले येतात, मागून मादी फुले. मादी फुलाच्या तळाशी बोराएवढे इवलेसे फळ असते. त्यावरून ते ओळखावे. ही फुले सकाळी उमलतात आणि त्याच दिवशी मिटतात. तेवढ्या वेळात नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोचले पाहिजेत. पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत. ते काम मधमाशी करते. तिच्या फेऱ्या कमी पडल्या तर फळ वेडेवाकडे होते किंवा गळून पडते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच मदतनिसाला मारणे होय. मधमाशीचे हे मोल ओळखूनच पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

फळ धरल्यानंतर सुमारे महिना-सव्वा महिन्यात ते पिकते. मावळात भाताचा पेंढा मुबलक. तो फळाखाली पसरला म्हणजे फळ ओल्या मातीला टेकून सडत नाही. फळ पिकू लागले की पाणी कमी करतात. नाहीतर गोडी कमी होते. तोडणीची वेळ ओळखणे ही मोठी पारख आहे. देठाजवळचा बाळीसारखा तणावा वाळला, जमिनीला टेकलेला पांढरट डाग पिवळा झाला आणि टिचकी मारताच ‘टण्ण’ आवाजाऐवजी ‘बद्द’ असा आवाज आला, म्हणजे फळ तयार झाले असे समजावे. आंबा अढीत पिकतो, कलिंगड पिकत नाही. कच्चे तोडले ते कच्चेच राहते. पेरताना जसा धीर हवा, तसाच तोडतानाही हवा.

लोणावळ्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी देहू-आळंदीवरून वाहत जाऊन तुळापुराजवळ भीमेस मिळते. भीमेसारख्या नद्यांचे पाणी हिवाळ्यानंतर ओसरले की पात्रात वाळू उघडी पडते. अशा वाळूत कलिंगडाची लागवड करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. वाळू उन्हाने लवकर तापते आणि तिच्या पोटात नदीचा ओलावा टिकून असतो. वेलीस दुसरे काय हवे? विदर्भात कलिंगडाला टरबूज म्हणतात आणि नदीपात्रातील अशा लागवडीस डांगरवाडी. नदीकाठच्या गरीब कुटुंबांना या वाड्यांनी उन्हाळ्यात आधार दिला. मात्र अवेळी पूर आला की उभी वाडी वाहून जाते. जेथे धरणाच्या पाण्याखाली वाळवंट गेले किंवा वाळूच उपसून नेली गेली, तेथे वाडीसाठी जागाही उरली नाही.

उत्तम फळ खाल्ल्यावर त्याचे बी जपून ठेवावे, अशी इच्छा कोणासही होईल. बी धुऊन, सावलीत वाळवून, कोरड्या डबीत ठेवता येते. परंतु ते फळ संकरित जातीचे असेल, तर त्याच्या बियांपासून तसेच फळ येईल अशी खात्री नसते. ‘शुगर बेबी’सारख्या सरळ जातीचे बी मात्र आपले गुण राखते, तेवढे करून शेजारी दुसऱ्या जातीचे कलिंगड नसावे, नाहीतर मधमाश्या दोन्हींचे पराग एकत्र करतात. जपानमधील किहारा या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात बिनबियांचे कलिंगडही निर्माण केले. गंमत अशी, की ते पिकवण्यासाठीदेखील दरवर्षी बी तयार करावेच लागते.

मावळात पहिला पाऊस पडतो तेव्हा कलिंगडाची वेल वाळलेली असते आणि खाचर पुन्हा भाताचे होते. घरात एका डबीत मूठभर काळ्या बिया तेवढ्या राहतात. पुढली थंडी ओसरेपर्यंत त्यांना थांबावयाचे असते. आणि त्यांच्याबरोबर माणसालाही.

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. वळीव – पावसाळ्यापूर्वी पडणारा पाऊस. आळे – रोपाभोवती केलेला खोलगट भाग. तणावा – वेलीचा आधार धरणारा दोऱ्यासारखा भाग. अढी – फळे पिकवण्यासाठी गवतात रचलेली रास. वाळवंट – येथे अर्थ, नदीपात्रातील वाळूचा भाग.

स्वाध्याय
१. एकच बी घाटाखाली रुजते आणि घाटावर कुजते, याचे कारण सांगा.
२. ‘उतावळेपणाने बी जाते, आळसाने फळ जाते’ हे वाक्य मावळच्या हवामानावरून स्पष्ट करा.
३. मादी फूल कसे ओळखावे? फळ धरण्यासाठी मधमाशीची गरज का असते?
४. पिकलेल्या कलिंगडाच्या तीन खुणा लिहा.
५. दोन कुंड्यांत कलिंगडाच्या बिया लावा. एक उन्हात व एक सावलीत ठेवा. कोणते बी आधी उगवते, याची रोज नोंद करा.
६. तुमच्या गावाजवळील नदीच्या पात्रात पूर्वी कोणती पिके घेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.